कृपणाचा नाताळ : नभोवाणीवरील विनोदातील सण आणि पालट

१

विनोदी लेखनाला वाङ्मयाच्या पहिल्या पंक्तीत बसवताना आपली समीक्षा बहुधा एक अट घालीत आली आहे. विनोदाच्या तळाशी कारुण्य असावे, हसता हसता वाचकाचे डोळे ओलावावेत, ही ती अट. 'अंतू बर्वा' मोठा ठरतो तो त्यातील तिरकस बोलण्यापेक्षा त्या बोलण्याखाली साचलेल्या एकाकीपणामुळे, असे आपण सहज म्हणून जातो. चिमणरावाच्या फजितीला मात्र असा तळ सापडत नाही. मग त्याचे कौतुक आपण 'निर्मळ', 'निर्विष' अशा थोड्या उतरत्या भाजणीतील विशेषणांनी करतो. न. चिं. केळकरांच्या 'हास्यविनोदमीमांसे'पासून हास्याची कारणे आणि प्रकार यांची चर्चा मराठीत झाली आहे. परंतु एका प्रश्नाकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. विनोद जेव्हा स्वतःला थांबवतो आणि गंभीर होतो, तेव्हा तो खरोखर खोल जातो, की त्या गंभीरपणाच्या आडोशाने काही झाकतो?

हा प्रश्न तपासण्यासाठी मराठीबाहेरचे आणि रूढ अर्थाने वाङ्मयाबाहेरचेही एक उदाहरण येथे घ्यावयाचे आहे. ते आहे अमेरिकन नभोवाणीच्या भरभराटीच्या काळातील, म्हणजे साधारणपणे १९३०च्या आसपासपासून १९५०नंतरच्या पहिल्या काही वर्षांपर्यंतच्या, विनोदी मालिकांतील नाताळच्या भागांचे. या मालिका दर आठवड्याला लोकांना हसवीत. वर्षातून एकदा नाताळ येई आणि प्रत्येक मालिकेला एक निर्णय घ्यावा लागे : सणाच्या दिवशीही हसवायचे, की हसणे क्षणभर बाजूला ठेवायचे? वेगवेगळ्या मालिकांनी या पेचातून वेगवेगळ्या वाटा काढल्या. कोणती वाट कोणी निवडली, यावरून त्या त्या विनोदाची नैतिक जात कळते, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

२

पेच नेमका कोठे आहे हे कळण्यासाठी या मालिकांचा घाट लक्षात घ्यावयास हवा. साप्ताहिक विनोदी मालिकेचा पाया म्हणजे न बदलणारी पात्रे. श्रोता दर आठवड्याला येतो तो ओळखीच्या माणसाच्या ओळखीच्या खोडीसाठी. कंजूष कंजूषच राहिला पाहिजे, बढाईखोराने बढाया मारल्याच पाहिजेत. बर्गसाँने १९०० साली हास्याचे मूळ सजीवावर चढलेल्या यांत्रिक ताठरपणात पाहिले. साप्ताहिक मालिका हा तो ताठरपणा वर्षानुवर्षे जपणारा रूपबंध आहे. त्याला आर्थिक आधारही होता. कार्यक्रमाचा सारा खर्च साबण, जेली किंवा सिगारेटी विकणारा एखादा पुरस्कर्ता उचलत असे. पात्र बदलणे म्हणजे त्याच्या मालाशी जोडली गेलेली लोकांची सवय मोडणे.

उलट नाताळची आधुनिक कल्पना पालटावर उभी आहे. तिला सर्वांत प्रभावी कथारूप दिले ते चार्ल्स डिकन्सने, १८४३ साली प्रसिद्ध झालेल्या 'अ ख्रिसमस कॅरल'मध्ये. स्क्रूज हा कृपण एका रात्रीत बदलतो, आणि त्याच्या बदलण्यातच सणाचा अर्थ सिद्ध होतो. ही कथा नभोवाणीनेही आपलीशी केली होती. १९३४ ते १९५३ या काळात लायनेल बॅरीमोर या नटाने जवळजवळ दर वर्षी नभोवाणीवरून स्क्रूज सादर केला. म्हणजे अमेरिकन श्रोता डिसेंबर महिन्यात एकाच यंत्रातून दोन परस्परविरोधी गोष्टी ऐकत होता. एक सांगत होती की माणूस बदलतो. दुसरी त्याला बदलूच देणार नव्हती.

आणखी एक बाब या माध्यमाच्या स्वरूपातून येते. मोठ्या प्रक्षेपणसंस्था मुद्रित कार्यक्रमांना त्या काळी बहुतांशी मज्जाव करीत. १९४६ साली बिंग क्रॉस्बीने आपला कार्यक्रम आधी मुद्रित करून प्रसारित करण्याची मुभा मिळवली, तेव्हापासून ही बंधने हळूहळू सैल झाली. तोवर गेल्या वर्षीचा नाताळचा भाग यंदा पुन्हा 'वाजवणे' शक्य नव्हते. तो पुन्हा 'करावा' लागे. तीच संहिता, बहुधा तेच आवाज, पण नवा प्रयोग. कीर्तनकार दर रामनवमीला तेच आख्यान लावतो आणि श्रोते ते ठाऊक असूनच येतात, तसा हा प्रकार होता. या पुनःप्रयोगामुळे नाताळच्या भागाला मालिकेच्या इतर भागांना नसलेले विधीचे वजन प्राप्त झाले.

या पार्श्वभूमीवर पहिला प्रश्न असा पडतो, की ज्या मालिकेचा नायकच कृपण आहे तिने नाताळात काय करावे?

३

जॅक बेनीच्या मालिकेपुढे हा प्रश्न सर्वांत उघड स्वरूपात उभा होता. बेनीचा (मूळ नाव बेंजामिन कुबेल्स्की) जन्म १८९४ सालचा. इलिनॉय राज्यातील वॉकीगन या गावी तो वाढला. व्हॉडव्हिलच्या रंगमंचावरून तो १९३२ साली नभोवाणीवर आला आणि १९५५पर्यंत तेथे राहिला. या मालिकेत तो 'जॅक बेनी' याच नावाने, एका नभोवाणी-कलावंताच्याच भूमिकेत वावरे. त्याचा निवेदक डॉन विल्सन, गायक डेनिस डे, संगीतनियोजक फिल हॅरिस हेही आपापल्या नावांनी येत. मेरी लिव्हिंग्स्टन ही त्याची प्रत्यक्षातील पत्नी. मालिकेत मात्र ती त्याला येता-जाता टोमणे मारणारी स्नेही होती. हे सारे मिळून एक कार्यक्रम करणारे लोक आहेत आणि तो कार्यक्रम म्हणजेच आपण ऐकत आहोत तो, अशी ही रचना होती. या रचनेचा संबंध पुढे येईल.

बेनीचे पात्र चिक्कू, स्वतःवर खूश, व्हायोलिन वाईट वाजवणारे आणि कायम एकोणचाळीस वर्षांचे. त्याच्या घराखाली तळघरात पैशांची तिजोरी, तिच्यावर वर्षानुवर्षे उजेड न पाहिलेला पहारेकरी. कंजुषाचा हा नमुना मराठी वाचकाला अपरिचित नाही. मोलिएरचे 'लाव्हार' आचार्य अत्र्यांच्या 'कवडीचुंबक'मधून आपल्या रंगभूमीवर आलेले आहे. मात्र रंगभूमीवरचा कृपण कवडी कवडी मोजताना आपल्याला दिसतो. नभोवाणीवर कृपणपणा दिसणार कसा? बेनी आणि त्याचे लेखक यांनी त्याचे उत्तर शांततेत शोधले. २८ मार्च १९४८च्या भागात एक लुटारू बेनीला वाटेत गाठतो आणि पैसे देतोस की प्राण, असे विचारतो. बेनी काहीच बोलत नाही. प्रेक्षागृहातील हशा त्या शांततेत वाढत जातो, लुटारू चिडून प्रश्न पुन्हा करतो, आणि मग बेनी त्रासून सांगतो की तो विचार करतो आहे. श्राव्य माध्यमात शब्दाचा अभाव हा सामान्यतः दोष. येथे तो व्यक्तिरेखेचा गाभा होतो. ती शांतता निरर्थक वाटत नाही, कारण तिचा अर्थ श्रोत्याने सोळा वर्षे मनात साठवलेला असतो. भरताने हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद सांगितले आहेत. घरात बसलेल्या श्रोत्याला बेनीचे मौन आणि प्रेक्षागृहातल्या लोकांचे हसणे ही दोन्ही एकदम ऐकू येतात, आणि त्या परक्या हसण्याच्या आधाराने तो ते मौन आपल्या ओळखीने भरून काढतो.

असा हा माणूस दर डिसेंबरात नाताळच्या खरेदीला निघतो. बेनीच्या मालिकेतील नाताळचा ठरलेला प्रसंग हा खरेदीचाच. गर्दीने फुललेले डिपार्टमेंट स्टोअर, तेथे भेटणारी नेहमीची मंडळी, लांबलचक होकार देऊन समोरच्याचा पाणउतारा करणारा फ्रँक नेल्सनचा व्यवस्थापक, आणि एका काउंटरवर मेल ब्लँकने उभा केलेला एक गरीब विक्रेता. यांपैकी ८ डिसेंबर १९४६चा भाग वानगीदाखल घेऊ. सॅम पेरिन, मिल्ट जोसेफ्सबर्ग, जॉर्ज बाल्झर आणि जॉन टॅकबेरी या लेखकांचा चमू त्या वेळी बेनीसाठी लिहीत होता.

या भागात बेनी डॉन विल्सनसाठी भेट घेतो : बुटांच्या नाड्यांचा एक जोड. नाड्यांची टोके दोन प्रकारची मिळतात, धातूची आणि प्लॅस्टिकची. बेनी एक प्रकार निवडतो, विक्रेता तो बांधून देतो. थोड्या वेळाने बेनी परत येतो. दुसऱ्या प्रकारची टोके अधिक बरी असे त्याला वाटू लागले आहे. विक्रेता पुडके सोडतो, बदलतो, पुन्हा बांधतो. बेनी पुन्हा येतो. दर खेपेस विक्रेत्याचे सौजन्य थोडे थोडे झिजत जाते आणि अखेर तो आक्रोश करू लागतो. बेनीला त्याचे कारणच कळत नाही. पुढील वर्षांत नाड्यांच्या जागी पैशाचे पाकीट आले, गॉल्फच्या टी आल्या, बागेतल्या घुशी पकडण्याचा सापळाही आला. विक्रेता तोच राहिला आणि त्याचे कोसळणेही तेच. १९५०नंतर दूरचित्रवाणीवरही बेनीने हा प्रसंग नेला.

४

वरवर पाहता हे एक साधे आवर्तनाचे प्रहसन आहे. परंतु त्यातील तपशील काही वेगळे सांगतात.

पहिला तपशील भेटवस्तूचा. नाडी ही भेटींमधली सर्वांत क्षुद्र वस्तू. पण बेनी तिच्यावर खर्च करतो तो वेळ आणि विचार मात्र एखाद्या रत्नपारख्याचा. त्याला फुकट्यासारखे टाळता आले असते. तो टाळत नाही. विल्सनला उत्तम तेच मिळावे ही त्याची इच्छा खरी आहे. तिची मर्यादा एवढीच, की ते उत्तम नाडीच्या किमतीत बसले पाहिजे. मार्सेल मोसने १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या दानविषयक निबंधात दाखवून दिले, की भेट कधीच निव्वळ ऐच्छिक नसते. देणे, घेणे आणि परत करणे या तिन्ही गोष्टींची सक्ती तिच्यात दडलेली असते. आधुनिक नाताळात ही सक्ती गोड शब्दांनी झाकलेली असते. बेनीचे पात्र ती उघडी पाडते, कारण त्याला सक्ती कळते पण झाकण्याची कला साधत नाही. पाकिटाच्या प्रसंगात तर तो सोबतच्या कार्डावरच्या पद्यात भेटीची किंमतच गुंफतो, आणि मग तो मजकूर बदलण्यासाठी काउंटरवर परत येतो. इतर लोक किमतीची चिठ्ठी फाडून टाकतात. हा ती यमकात बसवतो. दोघांच्याही मनात किंमत असतेच.

दुसरा तपशील काळाचा. युद्धकाळात धातूची टंचाई होती, अनेक वस्तू शिधापत्रिकेवर होत्या. १९४६चा नाताळ हा युद्ध संपल्यानंतरचा दुसरा. दुकाने पुन्हा भरू लागली होती. अशा वेळी धातू की प्लॅस्टिक, हा ज्याने काहीही बिघडत नाही असा पर्याय एका माणसाला भंडावतो आणि दुसऱ्याला वेडे करतो. विपुलतेच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या समाजाला निवडीचे स्वातंत्र्य म्हणून जे मिळणार होते, त्याचे हे पहिलेवहिले आणि अगदी अचूक विडंबन म्हणावे लागेल. लेखकांना हे अभिप्रेत होते असा दावा करण्याचे कारण नाही. विनोदकाराला नाडीचे टोक हास्यास्पद वाटले, एवढे पुरे. पण ते त्याला त्याच वेळी हास्यास्पद वाटावे, यात काळाचा वाटा आहे.

तिसरा तपशील भेट घेणाऱ्याचा. डॉन विल्सन हा कार्यक्रमाचा निवेदक, म्हणजे जाहिराती वाचणारा माणूस. १९४४पासून बेनीच्या कार्यक्रमाचा पुरस्कर्ता एक सिगारेट कंपनी होती. जो आवाज देशाला विकत घ्या म्हणून सांगतो, त्याच्याच वाट्याला नाड्या येतात. आधी ज्या रचनेचा उल्लेख केला तिच्यामुळे हे शक्य होते. हा कार्यक्रम आपल्या विक्रीच्या यंत्रणेलाच पात्र बनवून घरात घेतो आणि मग तिची थट्टा करतो. ही थट्टा पुरस्कर्त्याला मानवत होती, हेही खरे. तीमुळे त्याचा माल अधिकच खपत होता. तिला बंड म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण एका बाजूने विकणे आणि दुसऱ्या बाजूने विकण्याला हसणे या दोन्ही गोष्टी ती लपवीत नाही, हा तिचा गुण आहे.

आणि अखेर, सर्वांत महत्त्वाची गोष्ट जे घडत नाही ती. बेनी बदलत नाही. नाताळचा भाग संपतो तेव्हा तो सुरुवातीला होता तितकाच चिक्कू असतो. डिकन्सच्या परंपरेत हे बसत नाही. ते बसते मोलिएरच्या परंपरेत. हार्पागों शेवटी सुधारत नाही, त्याला त्याची पेटी परत मिळते आणि तो खूश होतो. मोलिएरचा कृपण डिकन्सच्या सणात नेऊन ठेवावा आणि सणाला आपले काम करू देऊ नये, हे बेनीच्या विनोदाचे धाडस. या नाताळात ख्रिस्तजन्माचा संबंध फारसा येत नाही. बेनी स्वतः ज्यू कुटुंबातला होता आणि कार्यक्रमात या गोष्टीचा उच्चार सहसा होत नसे. चर्चमध्ये नाही, तरी दुकानात मात्र सर्वांना प्रवेश होता. अमेरिकन नाताळ प्रत्यक्षात कोठे साजरा होतो याची ही कबुलीच होती.

५

इतर मालिकांनी पेच वेगळ्या रीतीने सोडवला. त्यांतील एक वाट सौम्य आहे. १९३५ साली सुरू झालेल्या 'फिबर मगी अँड मॉली'मध्ये जिम आणि मॅरियन जॉर्डन हे पतिपत्नी एका थापाड्या नवऱ्याची आणि त्याच्या समंजस बायकोची भूमिका करीत. कपाट उघडताच धडाधड कोसळणारे सामान हा १९४०पासून त्यांचा प्रसिद्ध ध्वनिविनोद. शेजारची टीनी नावाची चौकस मुलगीही मॅरियन जॉर्डनच करीत असे. त्यामुळे टीनी आली की मॉली बहुधा दुसरीकडे गेलेली असे. १९४०नंतरच्या दशकात या मालिकेचा नाताळ ठरून गेला होता. क्लेमेंट मूरच्या नावावर असलेले नाताळच्या आदल्या रात्रीचे प्रसिद्ध बालकाव्य 'किंग्ज मेन' हा गायकचमू केन डार्बीच्या संगीतात गात असे आणि टीनी त्यांच्या संगतीला असे. येथे हास्य थांबते, पण कोणी बदलल्याचा दावा होत नाही. मगी थापाड्याच राहतो. तो फक्त थोडा वेळ गप्प बसून ऐकतो. सण येथे विष्कंभकासारखा येतो आणि जातो. त्यात खोटे काही नाही, तसेच फारसे काही पणालाही लागलेले नाही.

दुसरी वाट 'एमॉस अँड अँडी'ची, आणि तिच्याशी थोडे थांबावे लागेल. १९२८ साली शिकागोत सुरू झालेली ही मालिका वर्षभरातच देशभर ऐकली जाऊ लागली. एमॉस आणि अँडी हे दोघे कृष्णवर्णीय. त्यांना आवाज देणारे फ्रीमन गॉस्डेन आणि चार्ल्स करेल हे दोघे गौरवर्णीय. काळे तोंड रंगवून कृष्णवर्णीयांची टवाळी करण्याची जी एकोणिसाव्या शतकातील रंगपरंपरा होती, तिचे हे श्राव्य रूप. नभोवाणीवर चेहरा रंगवण्याचीही गरज नव्हती. १९३१ साली 'पिट्सबर्ग कुरिअर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने मालिकेविरुद्ध दहा लाख सह्या गोळा करण्याची मोहीम काढली होती. अज्ञान, आळस, मोडकी भाषा आणि फसलेले बेत हे तिचे भांडवल होते.

या मालिकेने १९४०च्या नाताळात एक भाग सादर केला आणि पुढे तो वर्षानुवर्षे पुनःपुन्हा केला. आळशी आणि उधळ्या अँडी एका डिपार्टमेंट स्टोअरमध्ये सांताक्लॉजची नोकरी धरतो. एमॉसच्या लहान मुलीला, अरबाडेलाला, हवी असलेली बोलकी बाहुली घेण्यासाठी त्याला पैसे मिळवायचे असतात. रात्री एमॉस मुलीच्या अंथरुणाशी बसून तिला ख्रिस्ताने शिकवलेल्या प्रार्थनेचा अर्थ ओळीओळीने समजावून सांगतो. या प्रसंगात हशा नाही. भाषेची मोडतोडही जवळजवळ थांबते. ज्या श्रोत्यांना मालिकेतील इतर सारे विसरले, त्यांनाही हा प्रसंग आठवत राहिला. 'हसता हसता डोळ्यांत पाणी' या कसोटीला तो पुरेपूर उतरतो.

आणि नेमके येथेच ती कसोटी अपुरी असल्याचे लक्षात येते. या भागात पालट घडतो : आळशी अँडी कष्ट करतो, एमॉस एक विचारी आणि प्रेमळ पिता म्हणून उभा राहतो. पण हा पालट एका रात्रीपुरता असतो. पुढच्या आठवड्यात अँडी पुन्हा आळशी होतो, भाषा पुन्हा मोडते, हशा पुन्हा सुरू होतो. पात्रांना वर्षातून एकदा माणूसपण बहाल करायचे आणि उरलेले वर्ष त्यांना हास्यास्पद ठेवायचे, असा हा करार आहे. तो गंभीर प्रसंग उरलेल्या विनोदाची तपासणी करीत नाही. उलट त्याला दाखला देतो. आम्हांला यांच्याविषयी किती जिव्हाळा आहे, हे एकदा प्रार्थनेच्या साक्षीने सिद्ध झाले की बाकीच्या आठवड्यांविषयी विचारण्याचे कारण उरत नाही.

येथे उच्चाराचा प्रश्नही येतो. अंथरुणाशी बसलेल्या कृष्णवर्णीय पित्याचा आवाज गॉस्डेनचा आहे. अरबाडेलाचा आवाज बार्बरा जीन वाँग या चिनी-अमेरिकी अभिनेत्रीचा. त्या खोलीत, जिच्यात अमेरिकन श्रोत्याला कृष्णवर्णीय कुटुंबाच्या अंतःकरणाचे दर्शन झाले, कोणीही कृष्णवर्णीय नव्हते. अर्थात पुढील काळात अर्नेस्टीन वेडसारखे कृष्णवर्णीय कलावंत मालिकेत महत्त्वाच्या भूमिका करू लागले होते, हेही नोंदवले पाहिजे. १९५१ साली मालिका दूरचित्रवाणीवर गेली तेव्हा सर्व भूमिका कृष्णवर्णीय नटांकडे आल्या. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या प्रमुख राष्ट्रीय संघटनेने तिचा निषेध केला. १९५३ साली निर्मिती थांबली आणि पुनःप्रक्षेपणही १९६६मध्ये बंद झाले. मात्र १९५२च्या नाताळात तीच प्रार्थना एमॉसच्या भूमिकेतील ॲल्व्हिन चिल्ड्रेसने सांगितली. संहिता तीच, परंतु बोलणारा बदलताच तिचा अर्थ तोच राहत नाही. नभोवाणीवर जे उसने घेतलेले कारुण्य होते, ते येथे एका नटाच्या स्वतःच्या प्रतिष्ठेचे उच्चारण होऊ शकले. याचा अर्थ असा, की कारुण्य हे संहितेचे अंगभूत मूल्य नाही. ते कोण, कोणाच्या वतीने, कोणाला ऐकवीत आहे, यावर ते अवलंबून आहे.

६

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की बेनीचे न बदलणे ही काही नैतिक निवड नव्हती. पात्र विकले जात होते म्हणून ते टिकवले गेले. एमॉस आणि अँडीही त्याच कारणाने पुढच्या आठवड्यात पूर्ववत झाले. हे मान्य केले पाहिजे. दोन्हीकडे बाजार एकच आहे. फरक आहे तो इतकाच, की बेनीचा नाताळ हे पूर्ववत राहणे श्रोत्यापासून दडवीत नाही. तोच त्याचा विनोद आहे. श्रोता ज्याला हसतो तो माणूस सणाने सुधारलेला नाही, आणि श्रोत्यालाही सणाने आपण सुधारलो असे वाटण्याची सोय त्यात नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड. नाड्यांच्या प्रसंगात कोसळतो तो बेनी नव्हे. कोसळतो तो विक्रेता. हंगामाच्या गर्दीत दिवसभर उभा राहणारा, गिऱ्हाइकाला नाही म्हणता न येणारा नोकर. आपण त्याच्या यातनेला हसतो. शिवाय या मालिकेत रॉचेस्टर हा बेनीचा कृष्णवर्णीय नोकरही आहे. एडी अँडरसन १९३७ साली या मालिकेत आला. ही भूमिका करणारा तो स्वतः कृष्णवर्णीय होता आणि मालिकेत धन्यावर कुरघोडी बहुधा त्याचीच होई. पण तो नोकर होता, आणि धन्याच्या चिक्कूपणाची झळ सर्वांत आधी त्याच्या पगाराला लागते, हा विनोदाचा कायमचा विषय होता. बेनीचे हास्य निष्पाप आहे, असे म्हणता येणार नाही. एवढेच म्हणता येईल, की ते ज्याच्या अंगावर पडते त्याच्या डोळ्यांतून पाणी काढून मग स्वतःला क्षमा मागून घेत नाही. विक्रेत्याला शेवटी बक्षिसी मिळत नाही, बेनी त्याला मिठी मारत नाही. विक्रेत्याचा आक्रोश तसाच हवेत राहतो. ज्याला तो ऐकायचा असेल त्याने ऐकावा.

बाख्तीनने मध्ययुगीन कार्निव्हलचे जे वर्णन केले आहे त्याच्याशी ही सारी सामग्री ताडून पाहिली, तर एक उलटापालट जाणवते. त्याच्या विवेचनात वर्षभर गांभीर्याची सत्ता असते आणि सण हसण्याची मुभा देतो. त्या थोड्या दिवसांत सत्तेचे भय हास्याने वितळते. अमेरिकन नभोवाणीवर हसणे हे दर आठवड्याचे ठरलेले काम झाले होते, आणि सण मुभा देत होता ती गंभीर होण्याची. जेथे हास्य हीच नित्याची व्यवस्था होते, तेथे गांभीर्य हा सुटीचा दिवस ठरतो. सुटीच्या दिवसाने व्यवस्था बदलत नाही. माणूस ताजातवाना होऊन पुन्हा तिच्यातच परततो. कार्निव्हलविषयीही हाच संशय अनेकांनी व्यक्त केला आहे. येथे तो गांभीर्यालाही लागू पडतो.

आपल्याकडे सणाचा विनोद मुख्यतः दिवाळी अंकांतून छापून येतो. त्याच्यावर नाताळसारखी पालटाची सक्ती नाही. त्यामुळे हा पेच या स्वरूपात आपल्यापुढे आलेला नाही. पण आरंभी सांगितलेली अट आपलीही आहे. एखाद्या हास्यास्पद पात्राच्या डोळ्यांत लेखकाने शेवटच्या परिच्छेदात पाणी आणले, की आपण त्या पात्राला आणि लेखकालाही बढती देतो. त्या पाण्याने आधीच्या पानांवरील हसण्याची झडती घेतली, की त्याला केवळ पावती दिली, हे पाहण्याची तसदी आपण क्वचितच घेतो. जेथे झडती होते तेथे ते कारुण्य श्रेष्ठ आहे, यात वाद नाही. 'अंतू बर्वा' याच कारणाने टिकतो, कारण त्यातील एकाकीपण शेवटी चिकटवलेले नसून प्रत्येक तिरकस वाक्यात आधीपासून आहे. जेथे नुसती पावती मिळते तेथे मात्र न रडणारा, न सुधारणारा, नाड्यांच्या टोकांशी झटणारा कृपण अधिक प्रामाणिक आहे असे म्हणावे लागते. चिमणरावासारख्या पात्रांकडे या दृष्टीने पुन्हा पाहिल्यास, ज्याला आपण तळ नसणे म्हणत आलो तो कदाचित खोट्या तळाला दिलेला नकार असू शकेल.